झुरळ दिसतं, पुंडलिक दिसत नाही

प्रणिता खानोलकर ही बाई तुमचं रक्त घेण्याआधी तुम्हाला ब्रिटिश टेलिव्हिजनचा इतिहास सांगते. वाढवून बोलत नाही. माझ्या स्वतःच्या दंडाला रबर बांधून, शीर वर येईपर्यंत, तिनं मला सांगितलं की एके काळी लंडनला टीव्हीवरची नाटकं थेट व्हायची. रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. स्टुडिओत शेजारी शेजारी सेट लावलेले, मधून कॅमेरे फिरतायत, नट इकडचं वाक्य संपवून वायरींवरून उड्या मारत तिकडच्या सेटवर पळतोय, पळता पळता कोट बदलतोय, आणि पोचल्यावर जन्मापासून तिथंच बसल्यासारखा चहा पितोय. कुणी वाक्य विसरलं तर प्रॉम्प्टरकडे एक बटण. दाबलं की अख्ख्या देशाचा आवाज बंद. तेवढ्यात वाक्य सांगायचं, बटण सोडायचं. घरी बसलेल्याला वाटायचं आपलाच सेट बिघडला, तो उठून सेटला थापट मारायचा.

मी म्हटलं, ताई, सुई.

ती म्हणाली, कधीच टोचून झाली.

अशी ही बाई. मूळची कुडाळची. कुवेतच्या एका हॉस्पिटलात रक्ताच्या लॅबमध्ये. नवरा प्रसन्न बँकेत कॉम्प्युटरचं बघतो आणि घरी बायकोचं ऐकतो. मुलगी उर्वी, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. बनेद अल-गारला त्यांचा फ्लॅट, आणि इमारतीसमोर रस्ता ओलांडला की समुद्र.

ब्रिटिश नाटकांचं हे खूळ शिरलं कसं, तेही सांगतो. हॉस्पिटलनं फर्मान काढलं की सगळ्यांनी काहीतरी ऑनलाइन कोर्स करा. बाकीच्यांनी साखर, थायरॉइड असलं घेतलं. हिनं यादीत 'ड्रामा' पाहिलं, पेशंटांना नाटकातून बरं करायचं असेल म्हणून नाव घातलं. निघाला टेलिव्हिजनवरच्या एकल नाटकांचा इतिहास. हॉस्पिटल म्हणालं, याचा रक्ताशी संबंध नाही, हा कोर्स धरणार नाही. बाई म्हणाली, नका धरू. आणि सगळा पुरा केला. त्यानंतर या देशात तिच्या तावडीतून फक्त बेशुद्ध पेशंट सुटले.

एकल नाटक म्हणजे काय, हे ती तिच्याच भाषेत सांगते. मालिका म्हणजे सलाईन, थेंब थेंब, पेशंट मरतही नाही, बराही होत नाही. एकल नाटक म्हणजे इंजेक्शन. एक लेखक, एक गोष्ट, एक संध्याकाळ, आणि उद्या नवा लेखक, नवी गोष्ट. आधी तिकडे दिवाणखान्यातली गोरीगोमटी माणसं असायची, रंगभूमीवरून उचललेली. मग दुसरं चॅनल आलं, चुरस लागली, आणि कारखान्यातली, भाड्याच्या खोल्यांतली, भांडी घासणारी माणसं टीव्हीवर बोलायला लागली. मग कॅमेरे स्टुडिओतून रस्त्यावर उतरले. बेघरांवरचं एक नाटक असं झालं की दुसऱ्या दिवशी लोक बसमध्ये त्याच्यावरच भांडले.

हे शेवटचं वाक्य तिनं टाकलं आणि मी फसलो. मी इथं अडकलेल्या कामगारांची कागदपत्रं सोडवत फिरतो. कुणाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपलाय, कुणाचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. मी कुठल्या संस्थेचा नाही, माझ्याकडे लेटरहेड नाही. एक जुनी गाडी आहे आणि एक तोंड आहे. हे तोंड आजवर कितीही चालवलं तरी दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी भांडलेलं मला आठवत नाही. म्हणून म्हटलं, ताई, तसलं नाटक इथं करा.

"करीन," ती म्हणाली. "तू मला माणूस आणून दे. नट नको, माणूस."

आमच्याकडे किनारा मित्रमंडळ म्हणून एक प्रकरण आहे. बँकवाले, आयटीवाले, हिशेबनीस, डॉक्टर. वर्षातून एकदा शाळेचा हॉल घेतात, पुण्या-मुंबईला गाजलेलं एखादं नाटक कापून छोटं करतात आणि पाठ केलेल्या जागी हसतात. अध्यक्ष अरुणकुमार, चार्टर्ड अकाउंटंट. वाईट माणूस नाही, पण त्याला जगातली प्रत्येक गोष्ट एका ओळीत मावायला हवी असते. बाईनं त्याला सांगितलं, यंदा नवीन नाटक, माझं, इथलं. तो म्हणाला, लोकांना माहीत नसलेलं नाटक लोक कशाला बघतील. बाईनं त्याला लंडनच्या रविवार रात्रीच्या टीव्ही-नाटकांचा इतिहास सुरू केला. तो थकला आणि हो म्हणाला. पण अट घातली: सभासदांचं प्रत्येक मूल स्टेजवर दिसलं पाहिजे. ही आमची चालच आहे. पोर स्टेजवर नसेल तर आईबाप हॉलमध्ये नसतात.

बाई घरी येऊन मालवणीत जे बोलली ते छापण्यासारखं नाही. नाटक लिहायला घेतलं होतं वखारीतल्या कामगारांच्या एका खोलीवर. सहा माणसं, दुमजली लोखंडी खाटा, एक न्हाणीघर. त्यात पोरं कुठून घुसवायची? पण राग आला की हिचं डोकं जास्त चालतं. तिनं खोलीतली माणसं ठेवली तशीच आणि सामान पोरांना वाटून दिलं. कुणी गॅसची शेगडी, कुणी सहा कुलपांचा फ्रिज, कुणी ढेकूण. वेदांत नावाचा एक गुटगुटीत मुलगा एसी झाला. त्यानं घरघर करायची आणि ऐन वेळी बंद पडायचं. उर्वी झाली मोबाइल. आई म्हणाली, जरा भावना आण. उर्वी म्हणाली, "मम्मी, आय अ‍ॅम अ फोन. फोनला फीलिंग्ज नसतात."

अर्चना नावाच्या बाई, नवरा बँकेत बराच वर, त्यांची अक्षरा झुरळ. अर्चनाबाईंचा फोन आला की माझी मुलगी झुरळ का आणि शेजारणीची मुलगी शेगडी का. प्रणिताबाईनं शांतपणे सांगितलं, शेगडी एका जागी बसते, झुरळ स्टेजभर फिरतं. दुसऱ्या दिवशी शिंप्याकडून मिशा शिवून आल्या.

आणि मी माणूस आणून दिला. पुंडलिक. जालन्याकडचा, अर्दियाच्या एका वखारीत माल चढवतो-उतरवतो. त्याच्या इकाम्याच्या बदलीसाठी मी त्याच्या मंदूबाशी, म्हणजे कंपनीच्या कागदपत्रवाल्याशी, भांडलो होतो, तेव्हापासूनची ओळख. बोलला की समोरच्याचं जेवण राहतं असा माणूस. बाईसमोर उभा केला तर म्हणाला, "ताई, म्या नट हाय का? आन पाठ कोण करंल?"

बाई म्हणाली, पाठ करू नका. तुमच्या खोलीत काय चालतं ते सांगा, मी लिहिते.

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. सांगता सांगता एक गोष्ट बाहेर पडली. गावी त्याची बायको, गोदूबाई. तिला वाटतं हा समुद्रावर राहतो. कारण शुक्रवारी सुट्टी असली की हा बसनं बनेद अल-गारला येतो, किनाऱ्यावर उभा राहून फोटो काढतो आणि धाडतो. सुरुवातीला एकदा तिनं विचारलं, खोली हितंच हाय का? हा म्हणाला, हितंच. झालं. मग रोज फोनवर समुद्र. आज भरती हाय, आज वारा लई सुटलाय. हे सगळं वखारीच्या मागल्या खोलीतल्या वरच्या खाटेवरून, बाकीचे पाच जण घोरत असताना.

"आता खरं सांगावं तर जीभ उचलत नाई," तो म्हणाला. "म्या सांगितलं तर ती रडंल. नाटकात बघितलं तर हसंल. हसता हसता कळंल तिला. ताई, नाटकाचं शूटिंग गोदूला धाडणार असलात तर करतो. नाई तर राहू द्या."

बाईनं शब्द दिला. मी तिथं होतो. तोंडानंच दिला, पण या बाईनं शब्द दिला की तो रक्ताच्या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा असतो, निघत नाही.

तिनं ते सगळं नाटकात घातलं. शेवटच्या प्रवेशात खोलीतला माणूस वरच्या खाटेवर मान वाकवून बसलाय, कारण सरळ बसलं तर डोकं छताला लागतं. एसी बंद पडलाय, झुरळ फिरतंय, खालचे लोक अंगाला वारा घालतायत, आणि हा बायकोला फोनवर समुद्राचं वर्णन करतोय. वर्णन खोटं, खोली खरी.

नाटक झालं. मी मंडळाच्या कार्यक्रमांना जात नाही, मला त्या लोकांच्या अत्तराची शिंक येते. त्या दिवशी गेलो. पुंडलिकनं कसला अभिनय केला नाही, तो फक्त राहिला तिथं. अरुणकुमारच्या शेजारी बसलेले एक साहेब मध्येच म्हणाले की असली खोली खरंच असते का हो. मी मागून म्हणालो, असते, तुमच्या ऑफिसात पाण्याच्या बाटल्या आणून ठेवणारा तिथंच झोपतो. मग ते साहेब वळले नाहीत. शेवटी समुद्राचं बोलणं सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये सगळे हसत होते, आणि हळूहळू हसायचे थांबले. बाई विंगेत उभी होती, प्रॉम्प्टिंगचे कागद हातात, पण एकही वाक्य सांगावं लागलं नाही.

आता ऐका, या शहाण्या लोकांनी काय केलं ते.

शूटिंग हुसेनकडे होतं. हुसेन रत्नागिरीचा, फहाहीलला त्याचा फोटो स्टुडिओ. त्यानं मागं कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून सगळं नाटक नीट घेतलं, फाइल मंडळाच्या ऑनलाइन खात्यात टाकली आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं, कारण त्याच आठवड्यात लग्नाची ऑर्डर होती. मंडळाचं खातं भरलं होतं. अरुणकुमारनं ते उघडलं, सगळ्यात जड फाइल कुठली ते बघितलं, आणि नाटक उडवलं. दिवाळीच्या जेवणाचे फोटो ठेवले. पुरणपोळीचे जवळून काढलेले.

बाई त्याच्याकडे गेली तेव्हा मी सोबत होतो, कुणीतरी आवरायला हवं म्हणून. आवरायचं होतं मला, हे घरून निघताना लक्षात आलं नाही. मी बरंच बोललो. अरुणकुमारला त्यात काही चूक झाली असं वाटतच नव्हतं. नाटक होऊन गेलं ना, लोकांनी बघितलं ना, मग कशाला ठेवायचं?

यावर बाई स्फोट करेल असं मला वाटलं. ती हसत सुटली. परतताना गाडीत सांगितलं: लंडनच्या साहेबांनी अगदी हेच केलं होतं. टेप महाग, म्हणून नाटक दाखवून झालं की तीच टेप पुसून वर दुसरं काही घ्यायचे. शेकड्यांनी नाटकं अशी गेली. ज्यांनी देश हलवला ती गेली आणि कुठले कुठले कार्यक्रम राहिले. "अरुणकुमार थेट लंडनच्या परंपरेतला आहे," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुंडलिकला काय सांगू?"

हुसेनला फोन केला. तो म्हणाला, "ताय, कार्ड येकच. लग्न आयला. तुम्ही सांगितला असतात तर लग्न पुसलं असतं." हे त्यानं इतक्या मनापासून सांगितलं की त्याच्यावर रागावता येईना.

मग बाईला सुचलं: हॉलमध्ये प्रत्येक आईबापाच्या हातात फोन होता. सगळे वर धरून बसले होते, मागच्या माणसाला नाटक त्या फोनांमधूनच बघावं लागत होतं. तेवढे व्हिडिओ गोळा केले तर नाटक परत जुळवता येईल. तिकडेही असंच झालं होतं म्हणे. काही हरवलेल्या नाटकांचे तुकडे कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या गॅरेजमध्ये सापडले.

शुक्रवारी आम्ही निघालो. बनेद अल-गार, मग पुढे, मग फहाहील. प्रत्येक घरी सरबत, चकली, आणि फोन आमच्या हातात. प्रत्येक घरात बाईचा चेहरा थोडा थोडा पडत गेला.

अर्चनाबाईंचा व्हिडिओ सगळ्यात लांब होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत झुरळ. झुरळाच्या मिशा, झुरळाचे पाय, झुरळ नाक पुसतंय. वेदांतच्या बापानं एसी घेतला होता, इतका जवळून की एसीचे दात मोजता येत. शेगडीच्या आईनं शेगडी. फ्रिजच्या आजोबांनी फ्रिज, मध्ये मध्ये स्वतःचा अंगठा. प्रसन्ननं, घरच्या माणसानं, उर्वी. ज्याच्या त्याच्या डोळ्यांना आपलं मूल तेवढं दिसलं, बाकी स्टेज रिकामं. पुंडलिकचं कुणी नव्हतं त्या हॉलमध्ये, म्हणून पुंडलिक कुणाच्याच फोनमध्ये नव्हता. एका ठिकाणी त्याचं कोपर सापडलं. ते ढेकणाच्या मागून गेलं.

मी अर्चनाबाईंच्या सोफ्यावर बसूनच चिडलो. म्हटलं, मुख्य माणूस बोलतोय आणि तुम्ही झुरळावर? त्या म्हणाल्या, "अहो शैलेशभाऊ, मुख्य कोण ते मला कसं कळणार? माझी मुलगी तर इकडे होती." यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी आणखी चिडलो. प्रणिताबाईनं माझा दंड धरला. रक्त काढताना धरते तसा.

घरी येऊन प्रसन्ननं सगळे तुकडे जोडले. चित्र कुठलंही असो, आवाज सगळीकडे होता. पुंडलिकचं प्रत्येक वाक्य स्वच्छ, कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आलेलं. बाईला पुन्हा हुरूप आला. लंडनच्या काही नाटकांचा म्हणे आता नुसता आवाजच उरलाय, कुणीतरी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेला, आणि अभ्यासक तो जपून ऐकतात. "आवाज आहे म्हणजे नाटक आहे," ती म्हणाली, आणि गोदूबाईंना धाडलं. झुरळ, एसी, शेगडी, आणि मागून पुंडलिक.

संध्याकाळी पुंडलिकचा फोन आला. आवाज पडलेला. गोदूबाईंनी बघितलं होतं. पोरं लई ग्वाड हायेत म्हणाल्या, झुरळ तर लईच. मग म्हणाल्या, "पण तुमचं काय त्याच्यात? समुद्राचं तर तुम्ही मला रोजच सांगता."

बाईनं फोन ठेवला. चूक तिची तिला कळली होती, मला समजावून सांगायची गरज नव्हती. नाटकातला आवाज खोटं बोलत होता. खरी होती ती खोली, आणि खोलीच कुणी धाडली नव्हती. आम्ही एवढी धडपड करून गोदूबाईंना पुन्हा एकदा तेच खोटं पोचवलं होतं, वर झुरळ लावून.

मी सुचवलं, पुंडलिकनंच सरळ सांगून टाकावं. बाई म्हणाली, "त्याला सांगता येत असतं तर तो माझ्याकडे आला असता का?"

मग, त्याच बाईनं, जी वर्षभर सगळ्यांना ऐकवत होती की एकल नाटक एकदाच, पुन्हा नाही, तिनं ठरवलं, नाटक पुन्हा करायचं. मी लगेच पकडलं. म्हटलं, ताई, एकदाच ना? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी चुकीचा रक्तगट सांगितलाय. सुरुवातीच्या काळात रविवारी झालेलं नाटक तिकडे गुरुवारी पुन्हा दाखवायचे. दाखवायला रेकॉर्ड नव्हतं, म्हणून तेच नट गुरुवारी परत येऊन सगळं नाटक पहिल्यापासून करायचे. "ते पुन्हा नव्हे," ती म्हणाली, "तेही पहिल्यांदाच." इतिहास या बाईला हवा तेव्हा हवा तिथं वळतो.

फक्त हॉल नव्हता आणि मंडळ नको होतं. म्हटलं, खोली आहे ना.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर आम्ही अर्दियाला गेलो. वखारीच्या मागली इमारत, जिन्यात चपलांचा ढीग. खालचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, इजिप्तचा म्हातारा. त्याला बाईनं हॉस्पिटलचं ओळखपत्र दाखवलं. तो समजला रक्त तपासायला आलेत, आणि स्वतःची बाही वर करून उभा राहिला. त्याला समजावण्यात वेळ गेला.

खोलीत पुंडलिकचे सोबती वाट बघत बसले होते. एक तेलंगणाचा, एक बिहारचा, दोघे केरळचे, आणि रामभाऊ, नाशिककडचे, सगळ्यांचा स्वयंपाक बघणारे. बाईनं त्यांना सांगितलं, तुम्ही काही करायचं नाही, रोज राहता तसं राहा. बिहारवाला म्हणाला, मग मी केस कापू का, आज माझा केस कापायचा दिवस. बाई म्हणाली, कापा. फ्रिज खरा, कुलपं खरी. एसीला काही सांगावं लागलं नाही, त्याला त्याचं काम पाठ होतं.

मी एकच गोष्ट विचारली. हुसेन मोठा कॅमेरा घेऊन दारात उभा होता, स्वतःहून आलेला, नवीन कार्ड आणून. घेऊ का? बाई म्हणाली नको. हुसेनचा चेहरा उतरला, तेव्हा त्याला जबाबदारी दिली: फोन धर, नेटवर्क गेलं तर ओरड.

व्हिडिओ कॉल लागला. जालन्याकडच्या त्या घरात गोदूबाई मधोमध, आजूबाजूला जावा, शेजारणी. बाया आधीच हसत होत्या. एक म्हणाली, नट कुठाय? दुसरी म्हणाली, झुरळ येऊ द्या.

नाटक सुरू झालं. वाक्यं तीच, पण ही खोली इतकी लहान की फोन कुठंही फिरवा, पुंडलिक दिसतोच. तेलंगणावाला तेलुगूत काही पुटपुटला, रामभाऊंनी खरंच कांदा चिरायला घेतला आणि सगळ्यांचे डोळे पाणावले, नाटकामुळं नव्हे. तिकडून बाया मोठ्यानं बोलत होत्या. हा कोण? केस का कापतोय? त्या फ्रिजला कुलूप कशाला, चोर हायेत का? गोदूबाई काही बोलत नव्हत्या. मध्ये चित्र अडकलं, हुसेननं ओरडून सांगितलं, सगळे होते तिथं पुतळ्यासारखे थांबले. चित्र परत आलं, सगळे हलले. बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख होतं ते मी तिच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही.

शेवटचा प्रवेश आला. पुंडलिक वरच्या खाटेवर चढला. खाट करकरली. मान वाकवून बसला, एक हात छताला, दुसऱ्या हातात खोटा फोन, आणि बोलायला लागला. आज लाटा लई मोठ्या हायेत. वारा असा सुटलाय की पांघरूण उडायलंय. खाली एसी बंद, बिहारवाल्याच्या मानेवर घामात चिकटलेले केस. तिकडे बाया हसत होत्या. मग एकीनं दुसरीला कोपर मारलेलं दिसलं, आणि हसणं थांबलं.

गोदूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्या नाटकाच्या मध्ये बोलल्या. "ती खोली नाटकातली हाय का तुमची?"

हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. पुंडलिकनं वरून प्रणिताबाईकडे बघितलं, प्रॉम्प्टिंगसाठी बघतात तसं. बाईच्या हातात कागद होते. तिनं ते पाठीमागं नेले आणि फरशीकडे बघत उभी राहिली. हुसेन फोन धरून होता, त्याचा हात हलला नाही. रामभाऊंनी सुरी खाली ठेवली.

"माझी," पुंडलिक म्हणाला.

"आन समुद्र?"

"समुद्र ताईंचा हाय. ताईंच्या बिल्डिंगपुढला."

तिकडे कुणीतरी पदरात हसलं. गोदूबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं. इतके फोटो धाडले, एकात तरी तुमचं धोतर, टावेल, काही वाळत घातलेलं दिसलं का? माणूस राहतो तिथं कापडं वाळत्यात.

पुंडलिकनं छताला लावलेला हात खाली घेतला. तो म्हणाला, "मग बोलली का नाईस?"

"तुम्ही एवढ्या खुशीनं सांगायलात. म्हटलं सांगू द्या."

प्रणिताबाईनं नाक ओढलं. मी म्हटलं, कांदा. ती म्हणाली, तुका काय कळता, गप रव.

नाटक तिथंच संपलं असं कुणी जाहीर केलं नाही. जावा, शेजारणी उठून गेल्या, गोदूबाई एकट्या उरल्या आणि त्यांची चौकशी सुरू झाली. खालच्या खाटेवर कोण? वरून पडलात तर? भाजी कोण करतं? रामभाऊंनी फोनपुढे येऊन नमस्कार केला, त्यांना विचारलं तिखट किती घालता, आणि उत्तर पसंत पडलं नाही. बिहारवाल्याचे केस मागून वाकडे कापलेत हेही त्यांनीच सांगितलं. मग म्हणाल्या, न्हाणीघर दाखवा.

पुंडलिकनं हुसेनच्या हातातून फोन घेतला, खाटेवरून उतरला आणि बाहेर पडला. न्हाणीघर पॅसेजच्या टोकाला, दोन खोल्यांना मिळून. शुक्रवार. दार बंद, आतून पाण्याचा आवाज, आणि दारापुढे टॉवेल खांद्यावर टाकलेली रांग. पुंडलिक रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

तो फोनमध्ये म्हणाला, "वेळ लागंल. बंद करू का?"

"लागू द्या," गोदूबाई म्हणाल्या. "मी थांबते."

पुढचा माणूस वळून बघायला लागला. पुंडलिकनं फोन फिरवून त्यालाही दाखवला, म्हणाला, माझी बायको हाय. तो माणूस टॉवेल सावरून अंग चोरून उभा राहिला, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.